थुंकीच्या वाट्या

आमचे चिकट डॉक्टर वाटीत थुंकायचे, आणि ती वाटी ओतून टाकायची सोडून झाकण घालून टेबलावर ठेवायचे. वर बजावायचे, "सांडू नका रे, सकाळपासून जमवलीय." आता माझं वय झालं, पुष्कळ घाण बघितली, पण त्या वाटीची शिसारी अजून गेलेली नाही. शिक्षण माझं तिसरीपर्यंत. जे बघितलं ते लिहितो, सजवता मला येत नाही आणि यावं असंही वाटत नाही.

परळला दातांचं एक कॉलेज होतं, तिथल्या प्रयोगशाळेत मी शिपाई. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. लालबागला अश्रुधूर सोडला की आमच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत, आणि मग आतला वास बाहेरच्याहून वाईट. बरण्यांत मिठाच्या पाण्यात उपटलेले दात पडलेले, काहींना मांसाचे धागे तसेच. त्यात डॉक्टरांचा मसाला, नाकातून थेट डोक्यात जाणारा. किडका दात कोरून चांदी भरायची, एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक. दाताला चिकटून बसेल असा मसाला म्हणे परदेशात निघाला होता. तो खरंच किती घट्ट बसतो, हे डॉक्टर बघत होते. म्हणून ते चिकट डॉक्टर. स्वभावही तसलाच, एका जागी बसले की सुटायचे नाहीत.

रीत अशी होती. दात प्लास्टरमध्ये रोवायचा, वरच्या पांढऱ्या कवचावर ॲसिडचा बोळा फिरवून धुवायचा, त्यावर मसाल्याचा ठिपका आणि ठिपक्यात तारेचा आकडा. आकड्याला डबा टांगून त्यात शिशाचे छर्रे सोडत राहायचं. कधीतरी डबा धाडकन खाली यायचा. मग डॉक्टर दाताला भिंग लावून बोलायचे, "सुटला," नाहीतर "तुटला." दात कोरा राहिला तर मसाला सुटला, म्हणजे नापास. मसाला मधूनच मोडून अर्धा दाताला धरून राहिला तर तुटला, म्हणजे चिकटणं पास. कोरड्या दातावर बहुतेक तुटायचाच. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. हे म्हणाले, "कोरडं तोंड मेलेल्याचं असतं, शिवा. आपल्याला जिवंत माणसांचे दात भरायचेत." तेव्हापासून ती वाटी आली. ॲसिड लावून धुतलेल्या दाताला आधी थुंकी, मग मसाला.

डॉक्टर गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. आजोबा सरकारी हुद्द्यावर, घरात चांदीची ताटं. आणि हा माणूस दातांच्या बरण्या कोपराने सरकवून त्याच टेबलावर जेवणाचा डबा उघडायचा. माशाचा काटा चिमट्याने काढायचा.

"डॉक्टर, हा चिमटा कशाचा?"

"धुतलाय."

"कधी?"

"तू फार विचारतोस. पापलेट घे."

मी कसलं घेतोय.

माणसाशी बोलताना ते डोळ्यांत बघत नसत, तोंडात बघत. रस्त्याने मोर्चा गेला की धावत गॅलरीत यायचे. मला वाटायचं, आता तरी घोषणा देतील. तर म्हणायचे, "तो झेंडेवाला बघ. मुंबई मिळेल त्याला, पण पुढचे दोन दात काही राहत नाहीत." खालची माणसं लाठ्या खात होती. मला डॉक्टरांची किळस यायची, ती लपवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

एकदा त्यांनी सांगितलं, "शिवा, वाटी धू."

"धुणार नाही."

"का?"

आमच्या घोडपदेवच्या चाळीने नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. मी म्हटलं, "आमच्या पूर्वजांच्या गळ्यात थुंकीसाठी मडकं बांधायचे. थुंकी आमची, तरी जमीन बाटते म्हणून. ते आम्ही उतरवलंय. आता दुसऱ्याची हातात घेणार नाही."

मी हे बोलत असताना ते माझे दात बघत होते. मग "बरं" म्हणाले आणि मोरीवर जाऊन वाटी धुतली. पुढे रोज त्यांनीच धुतली. यात कौतुक काही नाही. ज्याची थुंकी त्याने धुवावी.

दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. "थुंक."

मला वाटलं, सूड घेतायत. तर म्हणाले, "माझ्या एकट्याची चालणार नाही. लोक म्हणतील, याच्याच तोंडात खोट. दहा तोंडं पाहिजेत." मी थुंकलो, जरा जोरातच. ते म्हणाले, "शाबास, भरपूर आहे."

मग मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब प्रयोगशाळेचे मुख्य, मोर्च्याला वर्गणी देणारे, मराठी माणूस सगळा एक म्हणून भाषण ठोकणारे. विज्ञानासाठी काय वाटेल ते, असं म्हणत हसत हसत थुंकले. वाटी ठेवायला स्वतः आले.

"ही शेजारची कोणाची?"

"शिवाची," डॉक्टर म्हणाले.

साहेबांचं हसू गेलं. "माझी जरा लांब ठेवा."

थुंकीत थुंकी मिसळणार नव्हती, दोन्हींवर झाकणं होती. तरी लांब. खाली रस्त्यावर मराठी माणूस एक होत होता आणि वर त्याच्या थुंकीला सोवळं. आणि चिकट डॉक्टरांनी मुकाट्याने साहेबांची वाटी उचलून खिडकीत नेऊन ठेवली. तेव्हा मला त्यांची जी किळस आली ती थुंकीची नव्हती. पुढे मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

एका दाताला साहेबांची थुंकी लावली, दुसऱ्याला माझी, आणि दोन्हींना डबे टांगले. साहेबांचा सुटला. माझाही सुटला.

कॉलेजच्या सभेत हे वाचायचं होतं. साहेब खोलीत आले. "शिपायाचं वगळा. माझ्या शेजारी त्याचं नाव वाचणार का?"

"वगळतो," डॉक्टर म्हणाले. मी झाडू तिथेच टाकून निघालो होतो. "मग आपलंही वगळतो."

"माझं कशाला?"

"थुंकीत मसाला टिकत नाही, ही एकच गोष्ट दोघांनी मिळून सांगितलीय. अर्धी कशी वाचू?"

"ही खोली मी दिलीय तुम्हाला."

"हो. ओल खूप आहे."

सभेला मी दारात उभा होतो. डॉक्टरांनी साहेबांचं नाव वाचलं, पुढे सुटला. लगेच माझं वाचलं, बापाच्या नावासकट, पुढे सुटला. पाठीमागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. तो आठवडा संपायच्या आत खोली गेली, डॉक्टरांची नोकरीही गेली. बरण्या गटारात रिकाम्या करायचं काम माझ्याकडेच आलं. दात पाण्याबरोबर वाहत नव्हते, काठीने ढकलावे लागले.

डॉक्टरांनी प्रभादेवीला एका गल्लीत दवाखाना काढला. काही वर्षांनी माझी दाढ ठणकली म्हणून गेलो. उघड्या हाताने तोंडात बोटं घालून त्यांनी दाढ उपटली. बोटांना माझी थुंकी, माझं रक्त. ते त्यांनी डगल्याला पुसलं, पुसलं म्हणजे पसरवलं. तेवढ्यात चहा आला. त्याच बोटांनी नानकटाई मोडली, अर्धी माझ्यापुढे धरली.

"तोंडात कापूस आहे," मी कसंबसं म्हटलं. "हात धुवा, डॉक्टर."

"चहा निवेल," म्हणाले, आणि दोन्ही अर्ध्या स्वतःच खाल्ल्या, बोटं चाटून.

चहाला हात न लावता उठलो. तीच शेवटची भेट. त्यानंतर वर्षभरात ते वारले.

परळच्या त्या खोलीत पुढे जे डॉक्टर आले ते फार स्वच्छ. मी पाण्याचा पेला नेऊन ठेवला की तो रुमालाने धरून उचलायचे.