मांजरीशी भांडण

बोईसरच्या बाजारात मी मुलांची पुस्तकं मांडून बसतो. एका सकाळी नवापूरची एक कोळीण मासळी विकून, रिकामी पाटी कमरेवर घेऊन, नातीसोबत आली. पोरीला अक्षरं येत होती, पण पुस्तक उघडलं की रडायची, असं आजी म्हणाली.

मी हौसेने वाघ, जिराफ, हत्तीच्या गोष्टी पुढे केल्या. आजीने लुगड्याला हात पुसून सगळी पुस्तकं चाळली आणि तोंडात मासा धरलेल्या मांजरीचं उचललं.

"वाघाशी हिचं काय काम, भाऊ? मांजरीशी रोज भांडण हाय. वाळत घातलेले बोंबील पळवते ती."

नात वाचू लागली. अडली की आजीकडे बघायची, पण आजी पाटीतलं फडकं झटकत होती. फडकं केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी इतकं मन लावून झटकणं मी कधी पाहिलं नव्हतं. मग पोर स्वतःच अक्षरं जुळवायची. चोर सापडतो का, ते तिला कळायलाच हवं होतं.

शेवटच्या पानावर मांजरीला वाटीभर दूध मिळालं.

"खोटं हाय," पोरगी रागाने म्हणाली आणि खात्री करायला पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली.

आजीने फडकं खाली ठेवलं. "हेच द्या," ती हळूच म्हणाली. "आता रोज भांडेल."

हल्ली पोरांना काय आवडतं, ते मी विचारत नाही. भांडण कुणाशी आहे, ते विचारतो.