न्हाणीची तपासणी

जगात आजवर एकही काम पूर्ण झालेलं नाही, ते फक्त झाल्यासारखं दाखवलं जातं, असं छातीठोकपणे मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे आणि दुर्दैवानं ते माझ्या ताईचे सासरे आहेत. मी पत्रकं लिहितो. आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक नळांना तोट्या नाहीत, पाणी गटारात जातं आणि दोन गल्ल्या पलीकडे बाया हंडे घेऊन ताटकळतात, हा माझा विषय. सायक्लोस्टाइलची शाई माझ्या नखांतून कधी निघत नाही. कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझं व्रतच आहे म्हणा ना. पण मामाजींसमोर (ताई म्हणते म्हणून मीही त्यांना मामाजीच म्हणतो) मी अगदी भाबडा, भोळा, कुणीही टोपी घालावी असा इसम ठरतो.

मामाजी शाळा तपासनीस होते. काटोलकडच्या खेड्यांत सायकलवरून अचानक उगवायचे आणि मास्तर लोकांची दातखीळ बसवायचे. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. बाजारात संत्री घेताना ते आधी एक सोलतात, फोड तोंडात टाकतात, आणि ते गोड निघालं तर त्यांचा संशय वाढतो. मग दुसरं सोलतात. पाकीट चिकटवलं की आत पत्र गेलं की नाही हे पाहायला पुन्हा फोडतात. घरातलं भिंतीवरचं घड्याळ चांगलं चालत होतं; ते का चालतं हे त्यांनी एकदा उघडून पाहिलं, तेव्हापासून त्या घरात वेळ शेजाऱ्यांना विचारतात. डाळीवरचं झाकण ते इतक्यांदा उचलतात की ताई म्हणते, "या घरातल्या डाळीनं शिजायचं सोडूनच दिलं." ताईच्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हात वर केला. "गुरुजी, मधलं एक कडवं गाळलंत. पुन्हा पहिल्यापासून." वऱ्हाडी मंडळींच्या हातातल्या अक्षता संपल्या, तांदूळ पुन्हा आणावे लागले. माझी बहीण दीड वेळा लग्न झालेली बाई आहे.

अशा माणसानं घरात टाइल्सची न्हाणी आणि शॉवर करायचं ठरवलं. कारण आत्याबाई, म्हणजे ताईच्या सासूबाई. संधिवातानं त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आखडली आणि भरलेला तांब्या उचलेना. ताई म्हणाली, मी घालते आंघोळ, त्यात काय? आत्याबाई काटोलच्या, बोलायला तिखट. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातची आंघोळ माणसाले जन्मल्यावर आन मेल्यावर. मधात नाही." पण इलाज नव्हता. सून तांब्यानं पाणी घालायची आणि त्या डोळे घट्ट मिटून बसायच्या. बाहेर आल्या की दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत. देवापुढेही बसायच्या नाहीत. मामाजी घरभर येरझारा घालायचे, झाकणं उचलायचे, ठेवायचे. मग एकदा दवाखान्यात त्यांनी डॉक्टरचा नळ पाहिला. लांब दांडीचा, कोपरानं ढकलायचा, हाताला बोटं नसली तरी चालेल असा. त्यांनी तो तिथल्या तिथे सात-आठ वेळा उघडून बंद केला. डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं. घरी येऊन म्हणाले, "शॉवर बसवायचा. दांडी कोपरानं ढकलायची, वरून पाणी. तांब्या नको, सून नको."

मी भडकलो. स्पष्टच सांगितलं: इथे बाया हंडाभर पाण्यासाठी भांडतात आणि तुम्ही डोक्यावर फवारा लावता?

"तुझा नळ रस्त्यावर गळतो," ते म्हणाले, "माझी बायको घरात रडते. आधी कुठलं गळणं थांबवू, सांग."

असल्या प्रश्नाला पत्रकात उत्तर नसतं. तरीही मी अट घातली. नळाचा एक थेंब घ्यायचा नाही, परसातल्या विहिरीवरच्या हातपंपानं गच्चीतली टाकी भरायची. "भर मग तूच," म्हणाले. अशा रीतीनं मी त्या न्हाणीत अडकलो.

मिस्त्री आला. सिमेंटचं परमिट मिळवताना मामाजींनी तिथल्या कारकुनाचीच तोंडी परीक्षा घेतली, ते सगळं सांगत बसत नाही. मिस्त्रीनं जुनी शहाबादी फरशी उखडली, भिंतीत पाइप बसवला, गळू नये म्हणून पाइपच्या सांध्यांना सूत आणि सफेदा लावून आवळलं, वर गिलावा, त्यावर पांढऱ्या टाइल्स. न्हाणी अशी चकाकायला लागली की शेजारच्या बाया चपला काढून आत डोकावायच्या. "आठवडाभर वाळू द्या," मिस्त्री बजावून गेला. न्हाणी बंद, म्हणून तोवर आत्याबाईंची आंघोळ परसात, दोरीवर लुगडं टाकून, सुनेच्या हातची.

दुसऱ्याच दिवशी सकाळी टाकी भरायला गेलो तर आतून ठोकण्याचा आवाज. जाऊन पाहतो तर मामाजी छन्नी घेऊन भिंतीसमोर उकिडवे. टाइल फोडलेली, आतला सांधा उघडा, आणि त्यावर ते बोट फिरवताहेत. "कोरडा आहे," ते समाधानानं म्हणाले. पण छन्नीच्या ठोक्यांनी सांधा हलला होता. संध्याकाळी टाकीचं पाणी सोडलं तर भिंतीतून धार.

मिस्त्रीनं पुन्हा सगळं केलं. मामाजींनी पुन्हा फोडलं. या खेपेला दुसऱ्या सांध्याची तपासणी होती. मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कायले फोडता जी? टाइल हाय ते, संत्रा नाही, सोलून पाहाले!"

"पेपर न बघता पास करू का तुला?"

"अन पेपरच फाडून टाकता, त्याचं काय?"

मिस्त्री चालता झाला. मी सायकल काढली, त्याच्या घरी गेलो, वर्गणी मागताना जितकी विनवणी करतो तितकी केली. तो आला, पण काम संपल्यावर घरातली छन्नी आणि हातोडीसुद्धा स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेला. मला वाटलं, सुटलो. काय सुटलो! पुढच्या सकाळी मामाजी खलातला बत्ता घेऊन न्हाणीकडे निघालेले मी पंपावरून पाहिले. मी ओरडणार इतक्यात आत्याबाईच आडव्या आल्या. परसातून आल्या होत्या, ओलं लुगडं तसंच अंगावर, मागे ताई तांब्या घेऊन.

"ठोका," त्या म्हणाल्या. "ठोका ना जी. काहून थांबले?"

"अगं, एकदा शेवटचं बघतो. पुन्हा गळलं तर—"

"तुमची तपासणी होईस्तोवर मी मरून जाईन. मंग घाला चौघं मिळून आंघोळ. तेव्हा मी नाही म्हणनार नाही."

ताईनं पदर तोंडाला लावला. मामाजी बत्ता हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तो माझ्याकडे दिला, जड वस्तू दुसऱ्याकडे सोपवावी तसा, आणि खोलीत जाऊन बसले. बाकीचे दिवस ते न्हाणीजवळ फिरकले नाहीत. मात्र त्या घरात झाकण असलेली एकही वस्तू शांत राहिली नाही.

आठवडा भरला. मी टाकी भरली. आत्याबाई टॉवेल खांद्यावर टाकून आत गेल्या. आतली कडी मिस्त्रीनं मोठ्या वाकड्या हुकाची करून दिली होती, मनगटानं सरकेल अशी. ती सरकल्याचा आवाज आला. बंद दाराबाहेर मामाजी. आयुष्यात प्रथमच, जे तपासता येत नाही अशा गोष्टीसमोर. इकडून तिकडे, तिकडून इकडे. चष्मा काढला, पुसला, घातला. आत पाणी पडायला लागलं.

"गळतंय का गं कुठे?"

मामाजींनी दाराला कान लावला.

"सांध्याला हात लावून बघ!"

"आंघोळ करू द्या ना जी मले!" आतून आवाज आला, आणि त्यात असं काही हसू होतं की ताई आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

टाकी रिकामी होईपर्यंत त्या आत होत्या. केस पाठीवर मोकळे, ओले, अशा बाहेर आल्या, कुणाकडेही न बघता सरळ देवघरात गेल्या आणि आखडलेल्या बोटांनी फुलं उचलून ठेवू लागल्या. मी लगेच पंपावर गेलो. दंड भरून आले होते, पण त्या दिवशी मी घोषणा द्याव्यात तशा जोरात टाकी भरली.

यंदाच्या मे महिन्यात, उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा, मी नवं पत्रक दाखवायला गेलो. घरोघरचे गळके नळ, असा विषय होता. मामाजी बैठकीत जमिनीवर बसले होते, भिंतीला पाठ लावून. खुर्ची रिकामी, पंखा चालू, आणि हे कोपऱ्यात.

"वर बसा ना, मामाजी. वारा तिकडे आहे."

"इथंच गार वाटतं."

ती भिंत न्हाणीची. त्यांच्या खांद्याच्या दोन्ही बाजूंना ओलीची कड दिसत होती. गिलावा फुगला होता, एक पोपडा त्यांच्या मांडीशी पडला होता. मी बघितलं हे त्यांनी बघितलं, आणि ते जरासे सरकून आणखी रुंद बसले. पलीकडे आत्याबाईंची आंघोळ चालली होती. भिंत फोडायची म्हणजे पुन्हा परसातली दोरी, पुन्हा ते लुगडं, पुन्हा सुनेचा तांब्या.

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते वाचलं नाही. एक चूक काढली नाही. घडी घालून खिशात ठेवलं.

ताईनं पन्हं आणलं. पेला घ्यायला ते पुढे वाकले, तर बंडी पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत ओलीचिंब.

"घाम," ते म्हणाले.

मी मान डोलावली. ते पुन्हा मागे टेकले, डोळे मिटून, पलीकडच्या पाण्याचा आवाज ऐकत. ज्यांच्या सायकलची घंटा ऐकून शाळाच्या शाळा उठून उभ्या राहत, ते गृहस्थ त्या ओल्या भिंतीशी इतके निवांत बसलेले पाहून ते किती म्हातारे झालेत हे मला पहिल्यांदाच दिसलं.