अंडं खाणारी तांबडी

माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला आणि त्याच सुमारास आमच्या तांबड्या कोंबडीनं स्वतःचं अंडं फोडून खाल्लेलं मी पाहिलं.

आम्ही शहागंजच्या मागच्या गल्लीत राहायचो. नवरा कापडाच्या दुकानात नोकरीला. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मागच्या अंगणात चार-पाच कोंबड्या होत्या. त्या दिवशी चुलीतली राख टाकायला गेले, तर तांबडी खुराड्यात उभी. चोचीला पिवळा बलक, पायाखाली टरफलं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि परत चोच घातली.

माहेरी ऐकलं होतं, जिथं कोंबडी आपलंच अंडं खाते त्या घरात पाळणा हलत नाही. मी टरफलं पदराखाली झाकून पेरूच्या बुडाशी पुरली. आत्याबाईंना कळलं तर त्या बोलणार नाहीत, नुसत्या माझ्या पोटाकडं बघतील. मला त्याचंच भय होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी एका रिकाम्या टरफलात तिखटाचा लगदा भरून ठेवला. तांबडीनं तोही खाल्ला, चोच मातीवर पुसली आणि आणखी मागायला माझ्याकडं आली. मी किंचाळून मागं सरले. पोटातली हालचाल जरा थांबली की मी भिंत धरून उभी राहायची, पुन्हा जाणवेस्तोवर जीव मुठीत.

एकदा टरफलं पुरताना शेजारच्या खालांनी भिंतीवरून पाहिलं.

"क्या गाड़ रही बेटी?"

खोटं सांगायला तोंड उघडलं आणि हुंदकाच फुटला. सगळं ऐकून खाला म्हणाल्या, "अगे पगली, उसकू चूना होना. बदन में चूना नै रहा, बोलके छिलका खा रही."

त्या आमच्याकडं आल्या. त्यांच्या घरची टरफलं त्यांनी आमच्या तव्यावर भाजायला घेतली. पुढं काय करायचं तेही सांगितलं: ती अगदी बारीक कुटून दाण्यातून घालायची, म्हणजे कोंबडीला अंड्याची ओळख पटत नाही. खुराड्याला गोणपाटाचा पडदा लावून आत अंधार करायचा आणि कोंबडी ओरडली की लगेच अंडं उचलायचं.

भाजल्याच्या वासानं आत्याबाई दारात आल्या. मी तव्याच्या आड उभी राहिले. त्या आत गेल्या आणि एक फडकं घेऊन आल्या. त्यात टरफलं होती.

"ही बी घाल."

"तुम्हाला ठावं होतं?"

"व्हय. तुझ्या आधी उठून उचलत व्हते. तुला दिसलं तर मनाला लावून घेशील म्हनून." मग हळूच म्हणाल्या, "मी बी लई भ्यालेय, पोरी."

पंधरवड्यात तांबडीची खोड गेली. आमची भीती काही गेली नाही; फक्त आता आम्ही दोघी ती एकमेकींपासून लपवत नव्हतो. रोज आत्याबाई विचारायच्या, "हललं का?" मी "व्हय" म्हटलं की मगच त्या चहा घ्यायच्या.

उन्हाळ्यात मुलगी झाली. जन्मल्यावर ती लगेच रडली नाही. सुईण तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारत होती. आत्याबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटून काच रुतली. कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.

मग ती रडली.