छप्पर नसलेलं घर

दुबईजवळच्या रास अल खैमातले आमचे शेजारी, मूळचे रत्नागिरीचे चाचा, उघड्या दारातही सलाम करून थांबतात. आतून कोणी "या" म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत.

ईदच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबं मेक्सिकोला, माया लोकांचं जुनं शहर बघायला गेली. चाचांचं लक्ष मात्र फोनकडेच होतं. त्यांच्या गावच्या बंद घराला गिऱ्हाईक आलं होतं आणि धाकटा भाऊ होकारासाठी रोज फोन करत होता.

एका छप्पर नसलेल्या घरात मी फोटोसाठी घुसलो आणि पडक्या भिंतीवर पाय ठेवून राजासारखा उभा राहिलो.

"पोट आत घ्या," बायको म्हणाली.

चाचांनी उंबऱ्याबाहेरूनच सलाम केला.

"यल्ला चाचा, चला आत! हजार वर्षांत इथं कोणी राहिलेलं नाही. 'या' कोण म्हणणार?"

"रिकाम्या घरालाही सलाम करतात, बाबा. तो पाय काढ आधी."

मी मुकाट्यानं पाय काढला. राजेपण खलास.

तेवढ्यात भावाचा फोन आला. चाचा त्या भिंतींकडे बघत ऐकत राहिले.

"वीक ते घर," ते शेवटी म्हणाले. "पण मी येईपर्यंत चावी देऊ नकोस कोणाला. एकदा सलाम करून दार मला माझ्या हातानं ओढून घ्यायचंय."