दसऱ्याच्या पाटावरची चिप

मागच्या दसऱ्याला मलकापूरच्या घरी आईने माझ्या चिपची पूजा केली. अगदी मनापासून केली... आणि चिप गेली.

आधी चिपबद्दल थोडं. वायरलेस यंत्रांत सिग्नल एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर वळवायला स्विच लागतो. आम्ही तो खराखुरा हलणारा करतो... केसाहून बारीक सोन्याची पट्टी, व्होल्टेज दिलं की खाली टेकते, काढलं की उठते. असे स्विच थेट मायक्रोवेव्ह चिपवरच बसवायचे, हे माझं काम.

सिग्नल त्यातून फारसा न गळता जातो. धूळ आणि ओल मात्र त्याला अजिबात चालत नाही. आणि त्यापासून वाचवणारं चिपवरचं झाकण आम्ही पुढच्या टप्प्यावर ढकललं होतं.

आम्ही बनवलेल्या त्या खेपेतली नीट चालणारी एकच चिप होती. ती मोजणीसाठी मुंबईहून नागपूरला नेत होते... प्रोजेक्ट पुढे चालणार की नाही, ते त्यावरच ठरणार होतं. मलकापूर वाटेतच, म्हणून सणाला उतरले. चिपची डबी टेबलावर ठेवून आंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघते तर पाटावर बाबांचे पाने-पकड, आईची विळी, मोटार रिवायंडिंग करणाऱ्या दादाचा टेस्टर... आणि शेवटी माझी डबी, उघडी. चिपवर ओल्या बोटाचं हळदकुंकू, वर आपट्याचं पान.

मी ओरडलेच. "काय केलं वं आई हे!"

आई गोंधळली. "काऊन? साऱ्याइचे हत्यारं पुजले, मंग तुह्यंच काऊन बाजूले ठेवायचं? इतके वर्सं ह्या पाटावर तुह्यं काहीच नव्हतं..."

मी डबी बंद करून बॅगेत ठेवली. मग जेवले.

नागपूरला मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पट्ट्या ओलीने खाली चिकटून बसल्या होत्या, कडेला पिवळे कण. प्रोजेक्ट बघणाऱ्या सरांनी विचारलं, हे काय? "हळद," म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

प्रोजेक्ट बंद पडता पडता वाचला, पण कित्येक महिने गेले. नवी खेप झाकणासकट केली. ती चालते.

चिपचं काय झालं असं आईने फोनवर विचारलं तेव्हा खरं ते सांगून टाकलं. त्यानंतर तिने माझ्या कामाविषयी एक शब्द विचारला नाही. चिप गेली त्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

परवा दसऱ्याला पुन्हा घरी होते. आईने पाट मांडला, सगळ्यांची हत्यारं ठेवली, शेवटची जागा रिकामी सोडली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुह्यं असू दे तुह्यापाशी. मी हात नाई लावत."

मी बॅगेतून तीच जुनी, निकामी चिप डबीसकट काढून त्या जागेवर ठेवली. आईने जपून डबीच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं. "येवढं पुरते."

मी झाकण काढलं. "आतच लाव वं. ही आता पाटावरचीच आहे."

तिने लावलं... चांगलं भरपूर लावलं.

चालणारी चिप लॅबमध्ये झाकणाखाली सुरक्षित आहे. पण घरच्या पाटावर माझी एक जागा आहे, आणि ती मला किती हवी होती हे मला परवा कळलं.