थिजलेलं खोबरेल

आमचे डॉक्टर, सगळ्यांचे दोतोर, सूक्ष्मदर्शकात बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवत. मालवणात त्यांची रक्त तपासायची लॅब होती आणि मी तिथे कामाला होते. मी एक डोळा मिटला की म्हणायचे, "एक डोळो मिटलो काय दुसरो दमता गो."

पुढे त्यांचेच डोळे दमले. काचबिंदू. पण दुसऱ्याच्या नजरेवर रिपोर्ट द्यायला ते तयार नव्हते. दोन हजार आठच्या सुमारास त्यांनी एक यंत्र जमवलं. मोडक्या प्रिंटरची मोटर रक्त लावलेली काच पुढे सरकवायची, वर चिकटवलेला वेबकॅम फोटो काढायचा आणि रक्तातल्या पेशी पडद्यावर बशीएवढ्या दिसायच्या. लागणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर कुणीतरी फुकट ठेवला होता. कुडाळ-देवगडचे लॅबवाले यंत्र बघायला आले, की दोतोर त्यांना जेवू घालून आकृती काढून देत. विकत का देत नाही विचारलं, तर म्हणत, "माका फुकट गावला, मी इकू कशाक?"

हौस मात्र दांडगी. काच जिच्यावरून सरकायची ती पट्टी कुरकुरायला लागली, तेव्हा त्यांनी तिला खोबरेल चोपडलं. "घरचा आसा, आणि काय होया?"

त्या डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी मी बाहेर रक्त घ्यायला गेले असताना त्यांचा जुना मित्र बाबलो होडीवरून थेट आला, हुडहुडी भरलेला. दोतोरांनी स्वतःच काच लावली, फोटो बघितले आणि मलेरिया नाही म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी बाबलोला बेशुद्धावस्थेत इस्पितळात नेलं. मलेरियाच निघाला.

मी त्या दिवसाचे फोटो उघडले. प्रत्येकात तीच फाटकी पेशी, त्याच कोपऱ्यात. काच सरकलीच नव्हती.

"सगळे सारकेच?" दोतोरांनी विचारलं.

"होय."

त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं. पांढरं, थिजलेलं खोबरेल चिमटीत चोळून बघितलं. मला फार वाईट वाटलं.

बाबलो वाचला. बरा झाल्यावर इसवण घेऊन आला. "जावंद्या दोतोर, मी मेलंय काय?" दोतोरांनी मासा घेतला, पण लॅब पुन्हा उघडली नाही. यंत्राची आकृती नेलेल्या एकेकाला मात्र फोन केला. "मी चुकलंय. खोबरेल थंडीत थिजता, तुमी घालू नकात." कशाला सगळ्यांना सांगता, असं मी चिडून म्हटलं. "मशीन दिलंय, तर चूकय द्याक होयी," ते म्हणाले.

मग मुलगी त्यांना म्हापशाला घेऊन गेली. तिथे उरलीसुरली नजरही गेली, आणि वर्षभरात दोतोरही.

मी कुडाळच्या एका लॅबमध्ये लागले. पहिल्याच दिवशी तिथल्या यंत्रावर चिकटवलेली चिठ्ठी दिसली: खोबरेल घालू नये. हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"खबर नाय," तिथली मुलगी म्हणाली. "पयल्यापासून आसा."

मी पट्टीवरून बोट फिरवून बघितलं. कोरडी होती.