आधी डावा डोळा

विदर्भात बेला गावाजवळच्या एका खेड्यात द्वारकाबाईइतका स्वच्छ कापूस कुणी वेचत नसे. पन्नाशीला आली आणि तिला शेजारच्या तासातली, म्हणजे ओळीतली बाई दिसेना, मग ओटीत वेचलेल्या कापसातला कचराही दिसेना. "मोतीबिंदू हाये, पिकू दे," असं म्हणत नवरा मारोतरावानं तिला दोन वर्षं तशीच वावरात राबवली.

आपण कधी फसत नाही, हा मारोतरावाचा मोठा तोरा. नवं बियाणं तो आधी मुरमाड तुकड्यात टाकायचा. तिथं साधलं तरच चांगल्या वावरात. लोक हुशार म्हणायचे, त्यालाही ते पटलं होतं.

एक्क्याण्णव साली तिचा भाऊ रामाजी हटून बसला, म्हणून तिघं यवतमाळला गेले. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही आहे. डोळ्यातला दाब वाढून नस सुकते आहे. एकाच ऑपरेशनमध्ये मोतीबिंदू काढू आणि दाब उतरायला बारीक वाट करू. डावा जवळजवळ गेलाय. उजवा वाचेल, आधी तोच करू."

"नाही सायब. आधी डावा करा. जमलं त उजव्याचं पाहू."

डॉक्टरांनी समजावलं, मग चिडले. डाव्यात आहे तेवढा उजेड टिकेल, गेलेली नजर परत येणार नाही, हेही सांगितलं.

"अवो, डाक्टर म्हणून राह्यले त उजवाच करू द्या ना," द्वारकाबाई हळूच म्हणाली.

"तुले काय समजते? चांगला डोळा फुकट घालवतं काय?"

शेवटी डावाच झाला. पट्टी सुटली तेव्हा तिला खिडकीचा उजेड तेवढा दिसला. डॉक्टरांचा शब्द अक्षरशः खरा ठरला होता, पण मारोतरावानं त्यांनाच लबाड ठरवून तिला घरी आणलं. रामाजी उजव्याच्या ऑपरेशनसाठी तिला दोनदा न्यायला आला. मेल्या मारोतरावानं दोन्ही वेळा त्याला दारातूनच वाटेला लावलं.

दोन वर्षांत उजवा पार विझला. दिवस उगवल्याचं तिला कळे ते डाव्यानंच.

मारोतराव मात्र पाहुण्यांना अभिमानानं सांगे, "डावा डाक्टरनं खराब केला. उजव्याले म्या हात लावू देल्ला नाही, म्हणून वाचला."

"मंग उजव्यानं दिसते ना, मावशी?" कुणीतरी विचारी.

"दिसते," द्वारकाबाई म्हणे. नाही म्हटलं की पाहुणे गेल्यावर मार बसायचा.